गुडघे टेकले, मग काय बिघडलं?



आपल्या मंडळातला एक मुलगा सहा महिन्यांच्या कामासाठी भारतातून अमेरिकेत आला आहे. त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा लहान मुलगा आजारी पडला. चर्चमधल्या मंडळींनी बुधवारी संध्याकाळी प्रार्थना ठेवली, याला बोलावलं, हा गेला. सगळे गुडघे टेकून बसले, हाही बसला. कुणीतरी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि एकच गहजब! 'आज गुडघे टेकले, उद्या बाप्तिस्मा' इथपासून 'याला आरतीला पुढे उभं करू नका' इथपर्यंत. शेवटी गणेशोत्सव समितीतून त्याचं नाव गुपचूप गळलं.

नाव गाळणारे दर २ ऑक्टोबरला गांधीजींच्या पुतळ्याला हार घालायला पुढे असतात. म्हणून त्यांचीच गोष्ट सांगतो. १८९३ साली गांधी दादा अब्दुल्लांच्या दाव्यासाठी प्रिटोरियाला गेले. तिथले अशिलाचे वकील बेकर हे हाडाचे धर्मप्रचारक. त्यांनी पहिल्याच भेटीत धर्माबद्दल विचारलं. गांधी म्हणाले, जन्माने हिंदू आहे, पण माझ्याच धर्माचं मला फारसं ज्ञान नाही. (हे कबूल करायची आपल्यापैकी किती जणांची तयारी आहे?) मग दुपारी एकच्या प्रार्थनेला ते जाऊ लागले. इतरांबरोबर गुडघेही टेकले. पुढे बेकर त्यांना वेलिंग्टनच्या ख्रिस्ती मेळाव्यालाही घेऊन गेले. तिथल्या लोकांची श्रद्धा गांधींना आवडली, पण धर्म बदलावा असं काही वाटलं नाही. कोट्स नावाच्या क्वेकर मित्राला त्यांच्या गळ्यातली तुळशीची कंठी खटकली. 'आण, तोडून टाकतो,' म्हणाला. गांधींनी साफ नकार दिला. आईने प्रेमाने घातलेली कंठी होती ती!

बेकरना गांधी ख्रिस्ती व्हायला हवे होते, हे उघड आहे. आजही काही निमंत्रणांमागे तोच हेतू असतो, त्याकडे डोळेझाक करा असं मी म्हणत नाही. आणि बॉसनेच ऑफिसात प्रार्थना ठेवली, 'नाही' म्हटल्यावर बढती अडणार असली, तर तिथे ठाम विरोधच करायला हवा. पण आजारी पोराच्या बापाशेजारी जाऊन बसणं ही जबरदस्ती नव्हे. या मुलाकडे कुणी कंठी मागितली नाही. मागितली ती आपण!

आपल्या विठ्ठल रामजी शिंद्यांना तर प्रार्थना समाजाने १९०१ मध्ये निवडून ऑक्सफर्डला धाडलं, तेही युनिटेरियन ख्रिस्त्यांच्या मॅंचेस्टर कॉलेजात धर्म शिकायला. १९०३ मध्ये परतले ते बाटून नव्हे. १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठी संस्था काढली आणि तिच्या नावात 'मिशन' हा शब्द बेधडक घातला, 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'.

१२ जुलै २००७ आठवतो? अमेरिकेच्या सेनेटमध्ये राजन झेद यांनी पहिली हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा गॅलरीतून ख्रिस्ती निदर्शकांनी आरडाओरडा केला. तिघांना अटक झाली. आपण किती चिडलो होतो! त्या सभागृहातल्या ख्रिस्ती सेनेटरांनी आपली प्रार्थना शांतपणे ऐकावी ही आपली अपेक्षा रास्तच होती. तीच अपेक्षा आपल्याकडून कुणी केली की मात्र आपला धर्म धोक्यात?

रविवारच्या बैठकीत मी त्या मुलाचं नाव पुन्हा समितीसाठी सुचवणार आहे. अनुमोदक हवा आहे.