कटऑफ वाढला, मग बिघडलं कुठे?

एनडीएच्या परीक्षेवर करोनाचा काही परिणाम झाला नाही, असं म्हणणारी एक जमात आहे. सोशल मीडियावर तर ती आहेच, पण आमच्या एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या कट्ट्यावरही आहे. त्यांचा पुरावा एकच, कटऑफ. २०१९ च्या पहिल्या परीक्षेचा लेखी कटऑफ ९०० पैकी ३४२, दुसरीचा ३४६. मग आला करोना, आणि २०२० चा कटऑफ झाला ३५५! २०२२ च्या पहिल्या परीक्षेला तर ३६०. बघा, म्हणे, पोरं घरी बसून जास्त अभ्यास करत होती. शाळा-बिळा सगळं थोतांड.

मंडळी, आपण सॉफ्टवेअरवाले. सर्व्हर झोपलेला असताना फक्त यशस्वी झालेल्या रिक्वेस्टचा सरासरी वेळ मोजला, तर आलेख झकास दिसतो. ज्या रिक्वेस्ट पोचल्याच नाहीत त्या आलेखात नसतातच. असा रिपोर्ट घेऊन कुणी मीटिंगला आला तर आपण त्याची काय हजेरी घेऊ! पण तोच रिपोर्ट सतरा वर्षांच्या पोरांबद्दल असला की आपण माना डोलावतो.

कटऑफ म्हणजे काय, ते आधी बघू. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, गणित ३०० आणि सामान्य क्षमता चाचणी ६००. लाखो मुलं बसतात, त्यातल्या काही हजारांना एसएसबी मुलाखतीला बोलावतात. बोलावलेल्यांतल्या शेवटच्या मुलाचे गुण म्हणजे कटऑफ. त्याच्या खालच्या लाखोंचं काय झालं, ते कटऑफ सांगत नाही. सांगूच शकत नाही.

आता तारखा बघा. २०२० ची पहिली परीक्षा १९ एप्रिलला होती. ती पुढे गेली, दुसरीत मिसळली, आणि दोन्ही मिळून एकच परीक्षा ६ सप्टेंबरला झाली. मधे गेले १४० दिवस. त्या परीक्षेला बसलेल्या बहुतेक मुलांची अकरावी-बारावी लॉकडाऊनच्या आधीच, व्यवस्थित वर्गात बसून झालेली होती. ज्याच्याकडे स्वतःची खोली, नेट आणि पुस्तकं होती, त्याला वीस आठवडे फुकटचे मिळाले. त्याचे गुण वाढणारच! ज्याच्याकडे यातलं काही नव्हतं, त्याच्या वर्षाला दोन संधी होत्या, त्यातली एक गेली. शिवाय आपल्याकडे खाजगी गाडीने जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास रद्द झाला २ सप्टेंबरला, म्हणजे परीक्षेच्या चार दिवस आधी. एसटी सुरू झाली होती, पण त्या दिवसांत पोराला एसटीत बसवून दुसऱ्या शहरात पाठवायला किती आईबाप तयार होते, हे आठवून बघा.

थोडक्यात, ३५५ हा आकडा करोनाचा परिणाम झाला नाही असं सांगतच नाही. तो झालाच असेल तर कुणाच्या फायद्याचा झाला, एवढाच अंदाज त्यावरून करता येतो.

खरा फटका बसणार होता पुढच्या पोरांना, जी तेव्हा नववी-दहावीत होती. राज्याने शाळा मार्च २०२० मधे बंद केल्या. २३ नोव्हेंबरला नववी ते बारावी उघडायला परवानगी दिली, तीही स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर. दुसऱ्या लाटेत परत कुलूप, ते निघालं ४ ऑक्टोबर २०२१ ला. अभ्यासक्रम २५ टक्के कापला. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, निकाल लागला ९९.९५ टक्के. बारावीचीही नाही, निकाल ९९.६३ टक्के. पेढे वाटले गेले. मी पण खाल्ले.

गंमत अशी की बोर्डाने जो पाव अभ्यासक्रम उडवला, तो एनडीएच्या गणितातून कुणी उडवला नाही. जेईई मेनमधे २०२१ पासून काही प्रश्न ऐच्छिक केले. नीटमधेही केले. इंजिनियर आणि डॉक्टर होणाऱ्यांना सवलत मिळाली (मिळायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही). पण ज्याला लेफ्टनंट व्हायचंय त्याच्यापुढे तेच १२० प्रश्न, तेच अडीच तास, आणि चुकलेल्या प्रश्नाला तेच ०.८३ वजा. जो धडा शिकवलाच नाही, त्याच्यावरचा प्रश्न सोडवायला गेला की उलटे गुण जाणार. फौजेला पातळी कमी करता येत नाही, हे मला मान्य आहे. मग तो पाव भाग पोरांना शिकवायची जबाबदारी कुणाची होती?

एकलहऱ्याचं सांगतो. आमच्याकडे औष्णिक वीज केंद्र आहे, २१० मेगावॅटचे तीन संच. चिमण्या पार लांबून दिसतात. नाशिकरोडला तोफखाना केंद्र, देवळालीला तोफखान्याचं स्कूल. म्हणजे आमच्याकडच्या पोराला फौज म्हणजे काय, हे कुणी सांगावं लागत नाही. तर कॉलनीबाहेरच्या वस्तीत, केंद्रावर कंत्राटी काम करणाऱ्या एका बापाची दोन मुलं, घरात फोन एक. थोरल्याचा क्लास अकराला, धाकटीचाही अकराला. वीज शेजारी तयार होते, चार्जिंगची अडचण नाही. अडचण रिचार्जची! थोरल्याने वर्षभर मॅट्रिक्स आणि व्हेक्टर फोनच्या पडद्यावर, एक दिवसाआड बघितले. आता हा पोरगा कटऑफच्या खाली राहिला, तर तो कुठल्या आकड्यात दिसणार?

धाकटीची तर वेगळीच तऱ्हा. मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या, हा सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश आला १८ ऑगस्ट २०२१ ला, आणि परीक्षा झाली १४ नोव्हेंबरला. मधे ८८ दिवस. तेव्हा बारावीत असलेल्या मुलीने तयारी करायची कधी? तरी मुली बसल्या, पासही झाल्या, पहिल्या तुकडीच्या १९ जागा भरल्या. कौतुक आहेच. पण नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था निघाली ती २०२३ ला. मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मधल्या ४६ वर्षांचा हिशोब तुम्हीच करा.

आता दुसरी जमात. ही म्हणते, २०२२ च्या दुसऱ्या परीक्षेचा कटऑफ पडला ३१६ वर, २०२३ ला ३०१ आणि मग २९२. बघा, करोनाची बॅच कच्ची निघाली! मला सोयीचं आहे हे, वर मीच म्हणालो ना की फटका या पोरांना बसणार होता. पण नाही, हेही मी मान्य करणार नाही. २०१६ च्या दुसऱ्या परीक्षेचा कटऑफ होता २२९. २०१७ च्या दुसऱ्या परीक्षेचा २५८. तेव्हा कुठला विषाणू होता? पेपर अवघड निघाला की कटऑफ पडतो, सोपा निघाला की चढतो, आणि दोन वर्षांचे पेपर एका मापाचे असतात असं कुणीच म्हणत नाही. तेव्हा "कच्ची बॅच" हा शिक्का मारणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. ही पोरं खडकवासल्याला दाखल झालेली आहेत.

अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी एसीटी नावाची परीक्षा असते, तिथल्या लष्करी अकादम्याही ती मानतात. तिची सरासरी दरवर्षी जाहीर होते. २०१९ ला ३६ पैकी २०.७, २०२२ ला १९.८, २०२३ ला १९.५. त्यातही परीक्षेला बसलं कोण हा घोळ आहेच, पण निदान भांडायला काहीतरी हातात आहे. आपल्याकडे यूपीएससी कटऑफ देते आणि निवड झालेल्यांचे गुण देते. बाकीच्यांची सरासरी? राज्य बोर्ड किती, सीबीएसई किती? कुठल्या जिल्ह्यातून किती जणांनी अर्ज भरला आणि प्रत्यक्ष किती पोचले? अर्जात पत्ता असतो, गुण डेटाबेसमधे असतात. आपल्यापैकी कुणीही चहा थंड व्हायच्या आत ही क्वेरी लिहून देईल. नावं नकोत, रोल नंबर नकोत, नुसती गटवार बेरीज द्या.

जवान भरतीत मात्र सरकारने हे मान्य केलं. करोनामुळे दोन वर्षं भरती झाली नाही म्हणून जून २०२२ मधे अग्निपथची वयोमर्यादा त्या वर्षापुरती २१ वरून २३ केली. एनडीएची परीक्षा होत राहिली, म्हणून तिथे सवलतीचा प्रश्न आला नाही, असं उत्तर मिळेल. परीक्षा झाली हे खरंच आहे. शाळा झाली नव्हती. २०२० ला दहावीत असलेला पोरगा २०२३-२४ पर्यंत साडेएकोणीस पार करून गेला. त्याला आता कुठली एनडीए देता येत नाही, सीडीएस देईल तर देईल. पण त्याच्या वर्षाचे आकडे अजून कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत, तेवढे तरी बाहेर काढा.