खरा गंज पुसला, खोटा गंज फासला

परवा नगरपालिकेत गेलो होतो. काम दुसरंच होतं, पुतणीच्या जन्मदाखल्याचं. मागच्या शेडपाशी आपला जुना बंब दिसला. हो, तोच. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने लहानपणी ज्याच्या घंटेमागे चप्पल हातात घेऊन पळत जाऊन पाहिलंय, तो.

बंबाला पेंटर लागले होते. वाटलं, चला, उशिरा का होईना जाग आली. जवळ गेलो तर पेंटर स्पंजने बंबावर गंज काढत होता. म्हणजे घासून काढत नव्हता. चित्र काढतात तसा काढत होता!

विचारलं, हे काय? म्हणाला, "दादा, साहेबांनी अँटिक लूक सांगितलाय. चौकात ठेवणार आहेत. सेल्फी पॉइंट."

मंडळी, हसू नका. पैसा आपला आहे.

थोडं मागचं सांगतो. केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढवली जात नाही. त्यात नगरपालिकांच्या गाड्याही आल्या. आपला बंब त्याच्या कितीतरी आधीच शेडमध्ये पडला होता, पण या निमित्ताने निर्लेखनाचा विषय निघाला आणि बंब भंगारात जाणार असं कानावर आलं. तेव्हा मीच लिहिलं होतं की भंगारात घालू नका, चौकात ठेवा, पोरांना कळू दे गावाची आग कोण विझवायचं. त्यामुळे आज बोलायचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही माझी आहे.

आता हा 'अँटिक लूक' कसा करतात ते ऐका. पेंटरनेच मला समजावलं आणि माणूस हातात कला असलेला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. आधी जुना रंग घासायचा. खड्डे असतील तिथे लांबी भरायची. मग रेड ऑक्साइडसारखा तांबूस थर द्यायचा. त्यावर स्पंजने गडद तपकिरी आणि थोडा नारिंगी असे ठिपके थापायचे. काही ठिकाणी ओलं करून जाडं मीठ टाकायचं, त्यावरून वरचा लाल रंग मारायचा. वाळल्यावर मीठ खरवडलं की खालचा 'गंज' डोकावतो. मग कडांवर वॉटर पेपर मारून रंग उडवायचा आणि शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे चकाकी नको. झाली गाडी पन्नास वर्षांची.

पण ही गाडी मुळातच जुनी आहे हो! तिला जुनी करायची गरज कुणाला पडली?

खरी जुनी गाडी वाचता येते. उन्हात उभ्या गाडीचं टप आणि बॉनेट आधी फिकं पडतं, कारण ऊन थेट तिथे पडतं. गंज दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डच्या आत, जोडांच्या फटीत धरतो, कारण पाणी तिथे साचतं. आणि रंग उडतो तो माणसांचा हात नि पाय लागतो तिथे. आपल्या बंबाच्या पायरीची कड बुटांनी घासून नुसता पत्रा उरला होता. मागच्या दांडीवरचा रंग धरून उभं राहणाऱ्यांच्या मुठींनी गेला होता. डाव्या मडगार्डला पोचा होता. तो कापड पेठेच्या बोळात वळताना बसला, असं जुने ड्रायव्हर काका सांगायचे. त्या बोळात आज रिक्षा घालताना नाकी नऊ येतात, तिथे रात्री दोनला बंब घातला होता त्यांनी.

तो पोचा लांबी भरून बुजवला. पायरी घासून रंगवली. दारावर गावच्या पेंटरने ब्रशने लिहिलेली अक्षरं होती, 'नगरपालिका' मधला 'ग' थोडा वाकडा. ती पुसली आणि त्या जागी कॉम्प्युटरवर कापलेल्या स्टेन्सिलने नवी अक्षरं मारून ती 'फिकट' केली. गंज कुठे काढला, तर दाराच्या बरोब्बर मध्यभागी, फोटोत नीट यावा म्हणून. तिथे पाणी साचत नाही, कुणाचा हातही लागत नाही.

म्हणजे खरी खूण बुजवायची आणि तिच्यावर खोटी खूण काढायची, याला आपल्याकडे सुशोभीकरण म्हणतात.

बरं, आतला गंज? टाकीच्या खालच्या चौकटीला हात लावला तर पापुद्रे हातात आले. तिथे कुणी ब्रशसुद्धा फिरवलेला नाही. वरून कितीही क्लिअर मारा, आत ओल आणि हवा पोचली की लोखंड खात राहतं. दोन पावसाळे जाऊ द्या. फोड येतील, रंग सुटेल आणि मग खोट्या गंजातून खरा गंज बाहेर येईल. तेव्हा कदाचित तो झाकायला नवीन टेंडर निघेल.

आणखी एक. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की धूळ छातीत जाते. पेंटरच्या तोंडाला नुसता रुमाल होता. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "त्याला सवय आहे." बाजूलाच दाखल्याची रांग होती, त्यात कडेवर पोरं घेतलेल्या बायाही होत्या.

आता काही मित्र म्हणतील, जगभर हौशी लोक गाड्यांना असा रंग देतात, तुला काय त्रास? काही त्रास नाही. स्वतःच्या जीपला द्या, ढाब्यासमोरच्या ट्रकला द्या, झकास दिसतं. तिथे कुणाची आठवण पुसली जात नाही आणि पैसा स्वतःचा असतो. पण हा बंब गावाच्या मालकीचा पुरावा आहे. सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, त्यातही ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी हीच अट आहे. मूळ रूपाला किंमत आहे हे दिल्लीला कळतं, आपल्या गावाला कळत नाही.

आणि खरं दुखणं पुढेच आहे. गेल्या उन्हाळ्यात मळ्यात कडब्याच्या गंजीला आग लागली. चालू बंब आला. २६ जानेवारीला रंगवलेला, लालभडक, आरशासारखा. पाइप जोडला तर तीन ठिकाणी कारंजी. शेवटी लोकांनी आपापले टँकर आणून आग विझवली. मी तिथे उभा होतो, माझ्या चपला त्या गळक्या पाण्यात भिजल्यात.

म्हणजे चालू बंबाला नवा रंग, कारण तो जुना दिसू नये. जुन्या बंबाला जुना रंग, कारण तो जुना दिसावा. पाणी मारायचं कोणी?

दगडाला शेंदूर फासला की देव होतो, असं आपण थट्टेनं म्हणतो. इथे उलटं झालंय. आयुष्यभर राबलेल्याला शेंदूर फासून दगड केलाय.

नुसती टीका नको म्हणून सांगतो. उरलेल्या भागावरचं काम आजच थांबवा. बंब धुवा. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर गंज थांबवणारं रसायन लावा, वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जुना रंग जसा आहे तसा दिसेल आणि टिकेलही. वर पत्र्याचं छप्पर घाला. शेजारी एक फलक लावा, त्यावर या बंबावर काम केलेल्या सगळ्यांची नावं. त्यातले दोघं अजून हयात आहेत, फलकासाठी त्यांना विचारायला कोणी गेलेलं नाही. आणि उरलेल्या पैशात चालू बंबाचे पाइप बदला.

१४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, तशीच ती अग्निशमन सेवा दिनाचीही तारीख. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला, आग विझवताना ६६ जवान गेले. त्या दिवशी आपल्या बंबाला हार घालायचा असेल, तर घालणाऱ्याने आधी त्याच्या पायरीकडे बघावं. ती कोणी झिजवली होती आणि कोणी रंगवली.

खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण कागद अजून हातात नाही. माहिती अधिकारात सोमवारी अर्ज दिलाय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.

तोपर्यंत ज्यांच्याकडे या बंबाचे जुने फोटो असतील, लग्नातले, मिरवणुकीतले, आगीच्या दिवसाचे, कमेंटमध्ये टाका. तो पोचा कुठेतरी तरी शिल्लक राहू दे.