प्रो होण्याआधीचा हिशेब

गेल्या शनिवारी टीममधला एक मित्र घरी आला होता. बरोबर त्याचा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, लहानपणापासून गोल्फ खेळतो, अमॅच्युअर स्पर्धांमध्ये बऱ्यापैकी नाव आहे. घरात सध्या एकच विषय: कॅम्पसमधून मिळालेली नोकरी घ्यायची की प्रो व्हायचं? त्याच्या डोळ्यांसमोर पुण्याचा उदयन माने. २०१५ मध्ये प्रो झाला, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला.

मित्र म्हणाला, "तूच सांग रे याला काहीतरी." मीही चहाचा घोट घेत ठेवणीतला डायलॉग टाकला, "पॅशन फॉलो कर यार. नोकऱ्या काय, मिळतच राहतात."

ते गेल्यावर मात्र मला माझीच लाज वाटायला लागली. ज्याच्या खात्यात महिनाअखेर आपोआप पगार पडतो, त्याचं हे वाक्य बोलताना काय जातंय? मग रविवार सगळा गोल्फबद्दल वाचण्यात घालवला. तर त्याबद्दल थोडं.

प्रो म्हणजे जास्त चांगला खेळणारा, अशी आपली साधारण समजूत असते. पण निक डनलॅपची गोष्ट पाहा. अलाबामा विद्यापीठात शिकणारा हा २० वर्षांचा पोरगा. जानेवारी २०२४ मध्ये त्याने पीजीए टूरवरची 'द अमेरिकन एक्स्प्रेस' स्पर्धा जिंकली. १९९१ मध्ये फिल मिकलसनने हा पराक्रम केला होता, त्यानंतर ३३ वर्षं कुठल्याही अमॅच्युअरला तो जमला नव्हता. पहिलं बक्षीस १५ लाख डॉलरच्या वर. ते मिळालं दुसऱ्या नंबरवर आलेल्या खेळाडूला! कारण अमॅच्युअरला ते पैसे घेता येत नाहीत. काही दिवसांतच डनलॅप प्रो झाला. खेळ तोच, पोरगा तोच. बदललं एवढंच की आता जिंकलेले पैसे त्याचे, आणि हरल्याचा खर्चही त्याचाच.

आणि हा खर्च मोठा असतो. आधी क्वालिफाइंग स्कूल. नाव शाळेचं असलं तरी ती निव्वळ परीक्षा आहे. आपल्याकडे पीजीटीआयची असते, परदेशी टूर्सच्या वेगळ्या. त्यातून कार्ड मिळालं की स्पर्धांमध्ये खेळायची परवानगी मिळते, पगार नाही. प्रवेश फी, प्रवास, हॉटेल, कॅडीचे पैसे, सगळं आपापलं. साधारण चार दिवसांच्या स्पर्धेत दोन दिवसांनंतर 'कट' लागतो. त्याच्या खाली राहिलात तर शुक्रवारी संध्याकाळी बॅग भरायची आणि निघायचं. चेक शून्य. आपल्याकडे एखादा रिलीज फसला म्हणून कोणी त्या महिन्याचा पगार कापत नाही. अप्रेझलला चार शब्द ऐकावे लागतात, फार तर बोनस जातो.

क्लबमधल्या हौशी गोल्फमध्ये एक छान सोय असते, हँडिकॅप. तुम्ही कच्चे असाल तर तुमच्या स्कोअरमधून तेवढे फटके वजा होतात, म्हणून काका आणि पुतण्या एकाच स्पर्धेत बरोबरीने खेळू शकतात. प्रो झालात की ही सोय बंद. स्कोअरकार्डवर जे आहे तेच खरं.

पण मैदानाबाहेरचा हँडिकॅप चालूच असतो, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे. जीव मिल्खा सिंगचं उदाहरण घ्या. वडील मिल्खा सिंग, अमेरिकेत कॉलेज गोल्फ, १९९३ मध्ये प्रो. १९९८ मध्ये तो युरोपियन टूरवर गेला, आणि तिथला पहिला विजय मिळाला २००६ मध्ये. मधली आठ वर्षं टिकून राहणं ही त्याची जिद्द, यात वादच नाही. पण पाठीशी उभं असलेलं घरही होतं.

दुसरीकडे एस. एस. पी. चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर. पोरगा तिथेच कॅडी म्हणून काम करत खेळायला शिकला, १९९७ मध्ये प्रो झाला आणि २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपनही. त्याला कोणी 'पॅशन फॉलो कर' म्हणालं असेल असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर कॅम्पस प्लेसमेंट आणि गोल्फ असे दोन पर्याय थोडेच होते!

मग शहाणपण नोकरीतच आहे का? तसंही नाही. बॉबी जोन्स हा जॉर्जिया टेकचा मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर वकील झाला. १९३० मध्ये त्याने त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याही अमॅच्युअर म्हणून, आणि २८ व्या वर्षी स्पर्धांना रामराम ठोकला. म्हणजे खेळावर प्रेम करायला त्यावर पोट चालवलंच पाहिजे असं नाही. अर्थात आज आठवड्याला पंचेचाळीस तास ऑफिस करून कोणी बॉबी जोन्स होणार नाही, हेही खरं.

डनलॅपची पुढची गोष्ट राहिलीच. जुलै २०२४ मध्ये त्याने प्रो म्हणूनही स्पर्धा जिंकली. आणि एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्सच्या पहिल्या दिवशी त्याचा स्कोअर होता ९०, म्हणजे पारपेक्षा १८ जास्त. दुसऱ्या दिवशी तो परत आला आणि ७१ खेळला. असे दोन्ही दिवस झेपायला जिद्द लागते, तशी शिल्लकही लागते.

सोमवारी मी त्या भावाला फोन केला. म्हटलं, माझं शनिवारचं वाक्य विसर. एक कागद घे. वर्षाचा खर्च लिही. लागोपाठ किती कट हुकले तरी घर तग धरेल ते लिही. किती वर्षं द्यायची तो आकडा आत्ताच लिही, हरल्यावर नको. आणि दादाला शेजारी बसव, कारण त्याचा पगार हाच तुझा हँडिकॅप आहे. तो किती वर्षं मिळेल हे त्याच्या तोंडून ऐक.

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "आणि नाहीच जमलं तर?"

त्यालाही गोल्फच्या नियमांत जागा आहे. प्रो खेळाडूला अर्ज करून, काही काळ थांबून पुन्हा अमॅच्युअर होता येतं. रीतसर. तिथे त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. आपल्या घरांमध्ये आणि ऑफिसांमध्ये हा एक नियम आला ना, तर 'पॅशन फॉलो कर' म्हणायला मलाही जरा तोंड राहील.