नोकऱ्या आल्या, दुकान कोणाचे?

कोळवण आणि हिंजवडी ही दोन्ही गावे मुळशी तालुक्यातलीच. एकीकडे भाताची खाचरे, दुसरीकडे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती. हिंजवडीने कोळवण खोऱ्यातील शिकलेल्या तरुणाला घर न सोडता नोकरीची आशा दाखविली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परदेशी कंपनीच्या विस्ताराची बातमी आली की मध्यमवर्गीय घरात आधी पगाराचा हिशेब होतो. त्यात गैर काहीच नाही.

ॲमेझॉनचेच पाहा. या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये भारतात अभियंत्यांचे केंद्र काढले. भारतीय ग्राहकासाठी दुकान मात्र उघडले जून २०१३ मध्ये. आपली बाजारपेठ हवीशी वाटण्याच्या नऊ वर्षे आधी तिला आपली बुद्धी हवीशी वाटली! २०१९ मध्ये तिने हैदराबादेत पंधरा हजार कर्मचारी मावतील अशी इमारत उभारली. क्षेत्रफळाने ती कंपनीची जगातील सर्वांत मोठी ठरली. तेथे चालणारे काम कारकुनी नव्हे.

मात्र जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने जगभरातील अठरा हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याची झळ भारतालाही बसली. निर्णय सिएटलमध्ये झाला. घराचे हप्ते थकण्याची चिंता येथल्या कुटुंबांना लागली.

दुकानदाराची गोष्ट आणखी वेगळी. २०१६ च्या नियमांनी परदेशी भांडवलाच्या संकेतस्थळाला केवळ बाजार भरविण्याची मुभा दिली, स्वतःचा माल विकण्याची नव्हे. तरीही ॲमेझॉनची भागीदारी असलेली क्लाउडटेल ही त्याच बाजारातील बडी विक्रेती होती. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारला नियम आवळावे लागले. क्लाउडटेलचा कारभार थांबला तो २०२२ मध्ये. बाजार भरविणाराच पथारी मांडून बसला, तर शेजारच्या विक्रेत्याने दाद कोणाकडे मागावी?

स्वदेशी म्हणजे दारे लावून घेणे नव्हे. केंद्राच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेले ‘ओएनडीसी’चे खुले जाळे कोणा एका कंपनीच्या मालकीच्या दुकानावर अवलंबून नाही. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परदेशी दुकानाची यंत्रणा बांधणारा अभियंता कोळवणचा तांदूळ पुण्याच्या स्वयंपाकघरात थेट पोचविण्याची यंत्रणाही बांधू शकेल. पण तीस साठवणीची सोय, प्रतीची हमी आणि वेळेवर पाठवणी यांची जोड हवी. तेथे आपण ढिले पडतो, आणि याचे खापर ॲमेझॉनवर फोडता येणार नाही.