'चालते व्हा' म्हणण्याची इंग्रजी

नको असलेल्या माणसास समोरून घालविण्यासाठी प्रत्येक भाषेने काही शेलके शब्द राखून ठेवलेले असतात. इंग्रजीत त्यांची संख्या मोठी आहे, आणि चित्रपट व कादंबऱ्या यांच्याद्वारे ते महाविद्यालयांच्या आवारांत आणि कचेऱ्यांतही येऊन पोचले आहेत. ऐटीने वापरल्या जाणाऱ्या या शब्दांची कुळकथा जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

त्यांतील काही शब्द निरुपद्रवी आहेत. 'शव्ह ऑफ' हा नाव काठापासून ढकलण्याच्या क्रियेवरून आला. 'व्हमूस' हा अमेरिकनांनी स्पॅनिशमधून उचलला. तेथे त्याचा अर्थ 'चला, आपण जाऊ' असा होता. सोबत नेणारा शब्द परक्या भाषेत जाताच हाकलू लागला! पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये तळ देऊन असलेल्या ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिकांनी अरबीतील 'इम्शी' म्हणजे 'जा' हा शब्द आत्मसात केला, आणि स्थानिक लोकांना त्यांच्याच भाषेत पिटाळण्याची सोय करून घेतली.

'बगर ऑफ'ची कथा मात्र काळीकुट्ट आहे. 'बगर' म्हणजे मुळात बल्गेरियन. मध्ययुगात बल्गेरियातील बोगोमिल पंथ पाखंडी ठरविला गेला. पाखंड्यांवर अनैसर्गिक संबंधांचा आरोप लादण्याची तेव्हा रीतच होती. त्यामुळे एका देशाचे नाव फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईतो शिवी बनले. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३३ साली, याच नावाच्या गुन्ह्यास देहान्त शिक्षा ठरविण्यात आली. ती १८६१ पर्यंत कायद्यात टिकली. 'सॉड ऑफ'मधील 'सॉड' हाही बायबलातील सदोम नगरीच्या नावावरून आलेला. आजच्या इंग्रजाच्या मनात हे शब्द उच्चारताना यांपैकी काहीही नसते. अर्थ गळून गेला, तुच्छता तेवढी उरली.

या तुच्छतेची धारही नात्यानुसार बदलते. दोन जिवलग मित्रांत 'बगर ऑफ' म्हणजे 'उगाच थापा मारू नकोस' एवढाच थट्टेचा उद्गार. तोच वरिष्ठाने कनिष्ठास उद्देशून काढला तर सरळ अपमान होय. शब्दकोश शब्द देतो, नाते देत नाही. शिवाय इंग्रज समाजालाही पळवाट लागतेच. १९७४ ते १९७७ या काळात बीबीसीवर गाजलेल्या 'पॉरिज' या तुरुंगातील विनोदी मालिकेत कैद्यांची खरी भाषा वापरणे अशक्य होते. लेखकांनी त्यांच्या तोंडी 'नॅफ ऑफ' घातला. कैद्यांच्या तोंडचा हा शब्द १९८२ साली राजकन्या ॲन यांनी छायाचित्रकारांना ऐकविल्याचे वृत्तपत्रांनी छापले, आणि तो घरोघरी पोचला.

प्रत्यक्ष इंग्रजांनाच इंग्रजीतून 'जा' असे बजावण्याचा प्रसंग १९४२ साली मुंबईत आला. घोषणा कोणती असावी याची चर्चा चालू असता कोणी 'गेट आउट' सुचविले. गांधीजींनी ते अशिष्ट म्हणून नाकारले आणि युसुफ मेहेरअली यांनी सुचविलेले 'क्विट इंडिया' पसंत केले, अशी हकिगत सांगितली जाते. 'नोटिस टू क्विट' ही इंग्रजी कायद्यात मालकाने भाडेकरूस द्यावयाची सूचना. त्या एका क्रियापदाने घर कोणाचे आणि मुक्कामाला कोण आले आहे, हे न ओरडता सांगून टाकले. मराठीने त्याचे 'चले जाव' केले.

शिवी देऊन घालविलेला माणूस बहुधा पुन्हा दाराशी येतो, कारण शिवीत संताप असतो, हक्क नसतो. परभाषेतील शिव्या पाठ करून आपली इंग्रजी अस्सल झाली असे मानणाऱ्या तरुणांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की, त्या भाषेत भारतीयांनी काढलेला सर्वांत परिणामकारक 'जा' हा एका सभ्य शब्दात सामावला होता.