रसिकांनी वेस ओलांडली पाहिजे

मराठी संगीत नाटकाचा रसिक मोठा निष्ठावान आहे. 'सौभद्र'चा प्रयोग जाहीर झाला की तो तिकीट काढतो, 'मानापमान' लागले की पुन्हा काढतो. कोणत्या पदाला कोणत्या नटाने कशी तान घेतली होती, याचा हिशेब त्याच्या ओठांवर असतो आणि पद मनासारखे रंगले की 'वन्समोअर' देताना तो हात आखडता घेत नाही. १९३२ साली मराठी बोलपट अवतरला आणि पुढच्या काही वर्षांत एकामागून एक नाटक मंडळ्या बुडाल्या. त्या पडझडीतूनही संगीत रंगभूमीची ज्योत तेवत राहिली, याचे बरेचसे श्रेय या निष्ठेला दिलेच पाहिजे. परंतु निष्ठा आणि सवय यांमधील सीमारेषा फार पुसट असते. ज्याला पंचवीस वेळा पाहिलेले नाटक सव्विसाव्यांदा पाहावेसे वाटते, पण कधीच न पाहिलेले गायनप्रधान नाटक एकदाही पाहावेसे वाटत नाही, त्याची अभिरुची जिवंत आहे की केवळ स्मरणशक्ती, असा प्रश्न विचारणे आता भाग आहे.

हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही. समाजात कोणाचा आवाज ऐकला जातो आणि कोणाचा दाराबाहेरच राहतो, याचा निर्णय जसा विधिमंडळात होतो तसा तो नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवरही होतो. म्हणून परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

प्रथम इतिहास पाहावा. आज जे 'आपले' म्हणून कवटाळले जाते ते सारे एके काळी परके होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबाराने पाहिले आणि त्यातून १८४३ साली विष्णुदास भावे यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांना पारशी मंडळींच्या गायनप्रधान खेळावरून स्फूर्ती झाली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, असे नाट्येतिहास सांगतो. म्हणजे मराठी संगीत नाटकाचा जनक स्वतः परभाषेतला अनोळखी खेळ पाहायला गेलेला एक प्रेक्षक होता! त्याने साकी, दिंडी आणि लावणी यांच्या जोडीला कानडी चालीही निःसंकोच घेतल्या. १९११ साली खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा उत्तरेकडील ठुमरी-कजरीचा रंग मराठी पदात उतरला. देवलांची 'शारदा' १८९९ साली आली ती म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न लावणाऱ्या समाजाला आरसा दाखवीत. त्या काळच्या रसिकांनी 'हे आमच्या ओळखीचे नाही' म्हणून घरी बसणे पसंत केले असते, तर आजच्या रसिकाला अभिमान वाटावा असे फारसे काही शिल्लकच राहिले नसते. परंपरेचे नाव घेऊन नव्याकडे पाठ फिरविणारा रसिक परंपरेशीच द्रोह करतो, कारण ओलांडणे हीच ती परंपरा होय.

मग ही वृत्ती आटली का? केवळ रसिकांच्या आळसाला दोष देऊन भागणार नाही. त्यामागे अर्थकारण आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थव्यवहाराची मीमांसा केली. तिचे सार असे की, कारखान्यात यंत्रामुळे कामगाराचे दर ताशी उत्पादन वाढते आणि त्याबरोबर वेतनही वाढू शकते. परंतु चार वादकांनी मिळून वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. इतरत्र वेतन वाढले की कलावंताचेही वाढावे लागते, पण त्याची उत्पादकता वाढू शकत नाही. परिणामी प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने सतत चढत जातो. संगीत नाटकाला हा नियम दुहेरी लागू पडतो. गद्य नाटक तीन पात्रांत आणि एका दिवाणखान्यात आटोपता येते. संगीत नाटकाला गाणारे नट हवेत, ऑर्गन हवे, तबला हवा आणि महिनोन्‌महिने तालीम हवी. खर्च चढला की निर्माता धोका टाळतो. ज्या नाटकाला खात्रीने गर्दी होईल तेच तो लावतो. प्रेक्षकाला तेच ते दिसते, म्हणून तो तेच मागतो. आणि तो तेच मागतो, म्हणून निर्माता तेच देतो. याला 'लोकांची आवड' म्हणणे म्हणजे दुष्टचक्राला लोकमताचा मान देण्यासारखे आहे. चित्रपटानेही हेच चक्र बळकट केले. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' आणि २०२५ साली 'मानापमान' पडद्यावर आले. भांडवल मोठे, तेव्हा नावही ओळखीचेच हवे, हा त्यातला हिशेब उघड आहे.

वास्तविक महाराष्ट्रात संगीताची रंगभूमी एकच कधीही नव्हती. एकीकडे गंधर्व परंपरा बहरत असताना दुसरीकडे सत्यशोधकी जलसे गावोगाव फिरत होते. त्यांच्यामागून आंबेडकरी जलसे आले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. वसंत बापटांची लेखणी आणि निळू फुल्यांचा अभिनय राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकांपुढे आला. या सगळ्यांत गाणे होते, अभिनय होता, कथा होती. तरीही त्यांना कोणी 'संगीत नाटक' म्हटले नाही. १९७२ च्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल' आले. भास्कर चंदावरकरांच्या संगीताने त्यात खेळे, कीर्तन आणि लावणी यांचे असे रसायन केले की गाणे वगळले तर नाटकच उरू नये. त्यावर वादंग माजले. पण पदांवर प्रेम करणाऱ्या किती रसिकांनी ते एक नवे संगीत नाटक म्हणून ऐकले?

अलीकडची दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. २०१२ साली गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' अतुल पेठे यांनी पुणे महानगरपालिकेच्या कामगार युनियनच्या साथीने उभे केले. रस्ते झाडणारे हात रंगमंचावर आले आणि जोतीरावांची कथा गाऊ लागले. त्याच वर्षी 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' आले. लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे, मूळ कल्पना व गाणी शाहीर संभाजी भगत यांची आणि नटसंच बव्हंशी जालना जिल्ह्यातील शेतकरी तरुणांचा. या नाटकाचे शेकडो प्रयोग झाले. म्हणजे अनोळखी नाटकाला प्रेक्षक मिळतच नाही, हे रडगाणे खोटे ठरले. परंतु तो प्रेक्षक मुख्यतः चळवळीतून आला. संगीत नाटकाचा नेहमीचा रसिक तेथे विरळाच दिसला.

याहून आश्चर्याची गोष्ट पूर्व विदर्भात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत धानाची कापणी झाली की झाडीपट्टीची रंगभूमी जागी होते. वडसा हे तिचे केंद्र. गावोगाव मंडप पडतात, शंकरपटाच्या निमित्ताने पंचक्रोशी लोटते आणि गाण्यांनी भरलेले नाटक रात्रभर चालते. वादक समोर बसून साथ करतात. तिकीट काढून आलेला शेतकरी आणि शेतमजूर पहाटेपर्यंत हलत नाही. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. संगीत नाटक मेले म्हणून पुण्या-मुंबईत हळहळ व्यक्त होत असते, तेव्हा ते वडशाला रात्रभर जागत असते. हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी नागपूरच्या पलीकडची गाडी पकडली?

यावर एक आक्षेप येईल की, शाहिरी गळा आणि रागदारीचा गळा यांची बरोबरी होऊ शकत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात भडकपणा असतो. जलशात प्रचार असतो. या आक्षेपात तथ्यांश नाही असे नाही. अनोळखी म्हणून प्रत्येक नाटक चांगलेच, असा दावा कोणी शहाणा करणार नाही. पण वाईट ठरविण्यापूर्वी पाहावे लागते. शिवाय ज्याला रागदारीचा कान आहे त्यानेच शाहिराची पट्टी आणि लोकगायकाची फेक ऐकली, तर त्यातले कसदार कोणते आणि सवंग कोणते हे निवडता येईल. जाणकार घरी बसले तर ती निवड करणार कोण?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तिकीट महाग, प्रवास महाग, महिन्याकाठी एखादीच संध्याकाळ मोकळी. अशा माणसाने पैसे वाया जाण्याचा धोका का पत्करावा? हा आक्षेप कष्टकऱ्याच्या तोंडी न्याय्य आहे. परंतु ज्यांचा खिसा आणि वेळ दोन्ही सैल आहेत त्यांनी तो पुढे करू नये. नाटक पाहिल्याशिवाय त्याचा दर्जा कळत नाही, म्हणून पहिला धोका कोणी तरी घ्यावाच लागतो, आणि तो ज्याला परवडतो त्याने घ्यावा, हे साधे समतेचे सूत्र आहे. उरलेला धोका समाजाने वाटून घ्यावा. नगरपालिकांची नाट्यगृहे जनतेच्या पैशांतून बांधली गेली आहेत. नव्या गायनप्रधान नाटकांचे पहिले काही प्रयोग तेथे नाममात्र भाड्यात व्हावेत. गावोगावच्या गायन मंडळांनी आणि रसिक संस्थांनी वर्षाच्या दहा कार्यक्रमांपैकी दोन तरी सभासदांना अपरिचित असतील असा दंडक घालून घ्यावा. कार्यकर्त्यांनी कामगार संघटना, शिक्षक संघटना आणि सहकारी पतपेढ्या यांच्यामार्फत अशा प्रयोगांची तिकिटे अगोदर एकगठ्ठा घ्यावीत. पन्नास खुर्च्या आधी भरल्या, तर निर्मात्याचे पाऊल पुढे पडते. त्याचबरोबर 'सौभद्र'ही वस्तीत आणि खेड्यात गेले पाहिजे. वेस ओलांडायची ती दोन्ही बाजूंनी. कष्टकऱ्याला रागदारीचा आनंद वर्ज्य मानणे हीदेखील विषमताच आहे.

जुन्या पदांवरचे प्रेम सोडा, असे कोणीही म्हणत नाही. ते प्रेम जपायचे असेल, तर त्याला नव्या स्वरांचे खत घातले पाहिजे. सफाई कामगाराच्या आणि जालन्याच्या शेतकऱ्याच्या गळ्यातून आलेल्या गाण्याला त्याच मोकळ्या मनाने 'वन्समोअर' मिळेल, त्या दिवशी संगीत रंगभूमी खऱ्या अर्थाने महाराष्ट्राची होईल. तोवर ती महाराष्ट्रातील थोड्या लोकांची, थोड्या लोकांसाठी आणि थोड्याच नाटकांची राहील.