मागासवर्गीय कोण? उभे राहा!

शिवाजी पेठेतल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गात घडलेला हा प्रसंग आहे. शाळा सुरू होऊन महिना झाला होता. गुरुजी हातात कागद घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "मागासवर्गीय मुली कोण कोण? उभ्या राहा. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचेत." तीन मुली उभ्या राहिल्या. बाकीचा वर्ग वळून बघत राहिला. त्या तिघींपैकी एक आमच्या घरातली. संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात टाकून ती म्हणाली, "आजोबा, मी उद्यापासून शाळंला जाणार न्हाई."

गुरुजी दुष्ट नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी भेटलो तेव्हा त्यांना आपले काय चुकले तेच कळेना. "अहो साहेब, तुमच्याच मुलींच्या फायद्याचं आहे ना?" असे ते म्हणाले. आम्हाला राग या उत्तराचा आला. कारण हे गुरुजी डी.एड. झालेले, बालमानसशास्त्राचा पेपर लिहून पास झालेले आहेत. मग त्या पेपरात त्यांनी शिकले तरी काय?

त्या पेपरात एरिक एरिक्सन असतो. ज्या 1902 साली छत्रपती शाहू महाराजांनी याच करवीर संस्थानात 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, त्याच साली हा माणूस जर्मनीत जन्मला. ज्यू म्हणून शाळेत हिणवला गेला, पुढे अमेरिकेत गेला आणि तिथे स्वतःचे आडनाव स्वतः निवडले. (आडनाव बदलणे म्हणजे काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) त्याचे म्हणणे असे की माणसाची वाढ बालपणी संपत नाही, ती मरेपर्यंत चालते. जन्मापासून म्हातारपणापर्यंत त्याने आठ टप्पे सांगितले आणि प्रत्येक टप्प्यावर एक झगडा सांगितला. तान्हे मूल जगावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवते. सहा ते बारा वर्षांचे मूल "मला जमते" आणि "मला जमत नाही" यांच्यात झगडते. मी कोण, हा प्रश्न त्यानंतर, किशोरवयात येतो.

म्हणजे पाचवीतली मुलगी नेमक्या कोणत्या टप्प्यावर उभी होती ते बघा. "मला जमते" हे मनात रुजण्याच्या वयात तिला "तू मागास" असे चारचौघांत सांगितले गेले. गुरुजींनी टप्पे पाठ केले, पण त्या टप्प्यांवर या देशात जात नावाचा नाकेदार बसलेला असतो हे त्यांच्या पुस्तकात कुठेच नव्हते.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीने काय होते? काय होते हे मोजून झालेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले सवर्ण, निम्मी दलित. कोण कुठल्या जातीचा हे जाहीर केले नाही तेव्हा दोघांच्या कामगिरीत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत मुलांची नावे जातीसकट सर्वांसमोर वाचली. दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी त्याच प्रकारची, मुले त्याच वयाची. फक्त यादी मोठ्याने वाचली गेली! हा अभ्यास 2004 साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केला. मेरिटच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. पुष्कळशा काळ्या मुलांनी चांगली बाहुली म्हणून गोरीकडे बोट दाखवले. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णानुसार वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा या प्रयोगाचा आधार घेतला गेला. शाहू महाराजांना बाहुल्यांचे प्रयोग ठाऊक नव्हते. तरी त्यांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. मूल कोणाशेजारी बसते यावर ते काय होणार हे ठरते, हे त्या राजाने पस्तीस वर्षे आधी ओळखले होते.

आता आमच्याच लोकांशी थोडे बोलायचे आहे. हा प्रसंग आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकीत सांगितला तेव्हा एक तरुण उसळून म्हणाला, "काका, लाजायचं कशाला? ताठ उभं राहून जय भीम म्हणायचं!" त्याचा बाणा आम्हाला आवडला. पण तो बावीस वर्षांचा आहे आणि ती दहा वर्षांची. ताठ उभे राहायला कणा लागतो आणि तो कणा कुणीतरी आधी घडवावा लागतो. आम्ही तो घडवला होता का? खरे सांगायचे तर नाही. मुलीला त्रास नको म्हणून आम्ही घरात जातीचा विषयच काढत नव्हतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, पण त्या फोटोतल्या माणसाला साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई नसला तर पाणी मिळाले नाही, हे तिला कुणी सांगितले नव्हते. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना लहानपणीच ठाऊक होते. तरीही 1901 साली गोरेगावच्या प्रवासात गाडीवाल्यांनी नाकारले, पाणी मिळाले नाही, तेव्हा बसलेला धक्का वेगळाच होता. ज्याला आधी ठाऊक होते त्याची ही गत, तर आमच्या नातीला काहीच ठाऊक नव्हते.

म्हणून विहारातल्या रविवारच्या वर्गात सहा-सात वर्षांच्या मुलांना हे गोष्टीरूपाने सांगायला हवे. परक्याच्या तोंडून ऐकण्याआधी आपल्या माणसाच्या तोंडून ऐकू दे.

आणि एरिक्सनवरही आमचा एक आक्षेप आहेच. प्रौढपणी माणूस पुढच्या पिढीसाठी काय करतो हे अभ्यासायला तो भारतात आला आणि त्याने 1969 साली जाडजूड ग्रंथ लिहिला तो गांधींवर! 14 ऑक्टोबर 1956 रोजी पासष्ट वर्षांच्या एका माणसाने लाखोंना सोबत घेऊन नागपुरात "मी कोण" या प्रश्नाचे नवे उत्तर दिले. चाळिशी-पन्नाशीतल्या बायाबापड्यांची ओळख एका दिवसात बदलली. वाढ मरेपर्यंत चालते याचा इतका मोठा पुरावा जगात दुसरा कुठे होता?

आमची मागणी साधी आहे. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तो सोडायचा नाही. पण जातीचा दाखला मागायचा तो पालकसभेत किंवा कार्यालयात, पालकांकडे. वर्गात यादी वाचायची नाही. आणि डी.एड., बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात जातीवर एक प्रकरण हवे. पहिल्या मागणीला सरकारचा पैसाही लागत नाही.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले. आता तिथे फॉर्म शनिवारी पालकांना बोलावून भरले जातात. आमची नात चौथ्या दिवशी शाळेत गेली, ती गणिताची चाचणी होती म्हणून. बाकीच्या दोघींपैकी एकीने शाळा बदलली. जूनमध्ये आपापल्या मुलांच्या शाळेत जाऊन प्रत्येक पालकाने यादी कुठे वाचणार एवढे विचारून यावे.